पाय न पाहता जोडा विकताना

बुटांच्या दुकानातला मुरलेला सेल्समन गिऱ्हाईक आत शिरताच आधी त्याच्या पायांकडे बघतो. पंजा रुंद आहे की निमुळता, आत्ता पायात काय आहे, ते कोणत्या बाजूने झिजलंय, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. गिऱ्हाईक ‘आठ नंबर’ म्हणालं तरी तो आठच्या खोक्याबरोबर नऊचाही खोका काढून आणतो. बूट चढवल्यावर अंगठ्यापुढे दाबून किती जागा उरली ते बघतो, टाचेमागे बोट सरकतं का ते तपासतो आणि म्हणतो, “जरा चालून बघा.” चार पावलं टाकून झाली की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळतं, हा जोड बांधायचा की दुसरा काढायचा.

ऑनलाइन दुकानात यातलं काहीच उरत नाही, कारण तिथे पायच दिसत नाही. एक फोटो, एक किंमत आणि सहा, सात, आठ, नऊ असे चौकोन, एवढ्यावर गिऱ्हाइकाने निर्णय घ्यायचा असतो. म्हणूनच चपला-बुटांच्या ऑनलाइन दुकानाची फेररचना हे मोठ्या जबाबदारीचं काम आहे. अशा फेररचनेची पहिली बैठक बहुधा रंग, बॅनर आणि लोगो यांवर खर्ची पडते. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: हा जोड मला बसेल का? दुकानाच्या प्रत्येक पानाने, प्रत्येक बटणाने या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं द्यायला हवं. ज्याला यूजर एक्स्पीरियन्स किंवा यूएक्स म्हणतात, ते या धंद्यात मुख्यतः हेच आहे.

झॅपॉसने काढलेली वाट

पाय न पाहता बूट विकता येतील यावर नव्वदीच्या दशकात फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न या तरुणाने सॅन फ्रान्सिस्को परिसरात तो प्रयोग केला. सुरुवातीला त्याच्याकडे मालाचा साठाही नव्हता. जवळच्या दुकानांत जाऊन त्याने बुटांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला पाठवायचा. यात नफा होणार नव्हताच. न घालून बघता लोक बूट घेतात का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. लोक घेतात, हे दिसलं. त्यातून झॅपॉस ही कंपनी उभी राहिली, पुढे टोनी शे यांच्या नेतृत्वाखाली वाढली आणि २००९ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली.

माप बसेल का, या प्रश्नावर झॅपॉसचं उत्तर सरळ होतं: घरी मागवा, घालून बघा, नाही बसला तर परत पाठवा. पाठवण्याचा खर्चही नाही आणि परतीचाही नाही, आणि परत करायला ३६५ दिवसांची मुदत. घरातली खोलीच ट्रायल रूम झाली. दोन नंबरचे दोन जोड मागवून एक परत करायला लोक कचरले नाहीत. गिऱ्हाइकाची भीती घालवणारी ही फार मोठी गोष्ट होती.

तिची किंमतही मोठी असते. परत येणारा प्रत्येक जोड दोनदा प्रवास करतो. तो उघडून तपासावा लागतो, सोलवर घासल्याच्या खुणा आहेत का ते बघावं लागतं, खोकं बदलावं लागतं. तोवर हंगाम सरला की तोच जोड सवलतीत काढावा लागतो. भारतात यात कॅश ऑन डिलिव्हरीची भर पडते. दारात आलेलं पार्सल गिऱ्हाइकाने घेतलंच नाही, तर ते तसंच माघारी फिरतं. धंद्यातले लोक याला ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात आणि लहान विक्रेत्याचा नफा त्यात सहज वाहून जातो. परतीची हमी असायलाच हवी. पण पहिल्याच खेपेला योग्य माप गिऱ्हाइकाच्या दारात पोचावं, यासाठी दुकानाने कष्ट घेतले तर ती हमी परवडते. त्यासाठी आधी नंबर म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं.

दहा नंबर म्हणजे नेमका किती?

आपल्याकडे चालणारे नंबर इंग्रजांनी आणले. त्या पद्धतीचं एकक आहे जवाचा दाणा. तीन दाण्यांचा एक इंच, म्हणजे एक नंबर वाढला की लांबी इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. युरोपातल्या पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांवरच्या खुणा एकमेकींसमोर येतातच असं नाही.

गणित करून बघू. इंग्रजी आठ नंबरची लांबी येते ११ इंच, म्हणजे २७९.४ मिलिमीटर. युरोपातला ४२ नंबर म्हणजे बरोबर २८० मिलिमीटर. हे दोन छान जुळतात. आता दहा नंबर घ्या. त्याची लांबी २९६.३ मिलिमीटर. युरोपातला ४४ नंबर २९३.३ मिलिमीटरचा आणि ४५ नंबर ३०० मिलिमीटरचा. म्हणजे इंग्रजी दहा त्या दोहोंच्या जवळजवळ मधोमध पडतो. म्हणूनच एका कंपनीच्या तक्त्यात दहासमोर ४४ असतं, दुसरीच्या तक्त्यात ४४.५ आणि तिसरीच्या तक्त्यात ४५. तिघीही आपापल्या परीने बरोबर असतात आणि गिऱ्हाईक गोंधळून जातं.

गुंता इथेच संपत नाही. हे आकडे पायाच्या लांबीचे नाहीत. ज्या साच्यावर बूट चढवून शिवतात त्या फर्म्याचे ते आहेत. पाय फर्म्यापेक्षा आखूड असतो, कारण बोटांपुढे थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ती किती सोडायची हे बुटाच्या आकारावर आणि कंपनीच्या सवयीवर ठरतं. टोकदार बुटाला जास्त लागते, गोल तोंडाच्या बुटाला कमी. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘आठ’मध्ये फरक पडतो आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पडतो.

शिवाय नंबर फक्त लांबी सांगतो. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनॉक याच्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं. १९२०च्या दशकात त्याने पाय मोजायचं धातूचं उपकरण बनवलं आणि ते आजही जगभरच्या दुकानांत दिसतं. हे उपकरण तीन मापं घेतं: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, टाचेपासून अंगठ्याच्या मागच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि पंजाची रुंदी. मधलं माप महत्त्वाचं, कारण पाय त्या सांध्याशी वाकतो आणि बूटही तिथेच वाकला पाहिजे. नाहीतर एकूण लांबी बरोबर असूनही चालताना बूट लागतो. ऑनलाइन दुकानातल्या चौकोनांत या तीनपैकी एकच माप शिल्लक राहिलंय.

चुकीच्या मापाची ही तक्रार फार व्यापक आहे. २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ फूट अँड अँकल रिसर्च’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लांबीला किंवा रुंदीला न बसणारी पादत्राणं वापरणाऱ्यांचं प्रमाण त्यात ६३ ते ७२ टक्के आढळलं.

भारतीय पाय

आपल्याकडे हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण इंग्रजी आणि युरोपीय नंबर तिकडच्या पायांना धरून बनले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यासाठी त्रिमितीय स्कॅनर वापरले. भारतीय पाय युरोपीय किंवा अमेरिकी पायापेक्षा सरासरीने रुंद असतो, हे त्यातून पुढे आलं. मुलींच्या पायांची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते, हेही दिसलं. या पाहणीच्या आधारे भारतासाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. तिच्यात पायाच्या लांबीबरोबर रुंदीचाही विचार आहे.

रुंद पंजाचा माणूस दुकानात काय करतो ते आठवून पाहा. सात नंबर बाजूंनी आवळतो म्हणून तो आठ घेतो. रुंदी मिळते, पण लांबीही वाढते. मग टाच सुटते, चालताना पाय पुढे सरकतो, नाडी ओढून बांधावी लागते. वर्षानुवर्षं असं केल्यावर ‘माझा नंबर आठ’ अशी त्याची खात्री झालेली असते. हा माणूस ऑनलाइन दुकानात येऊन आठचा चौकोन दाबतो, तेव्हा तो आपलं माप सांगत नसतो. जुन्या तडजोडीचा आकडा सांगत असतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसासाठी तर हा आरोग्याचा प्रश्न आहे, कारण बूट चावतोय हे त्याला कळत नाही आणि जखम चिघळल्यावर लक्षात येते.

तक्ता नको, उत्तर हवं

बहुतेक दुकानांत ‘साइज चार्ट’ नावाचा एक बारीक अक्षरातला दुवा असतो. तो उघडला की नंबरांचा सहा रकान्यांचा तक्ता येतो. मोबाइलवर तो अर्धाच दिसतो, बोटाने सरकवावा लागतो आणि बंद करताना आधी निवडलेला रंग पुसला जातो. तक्ता सगळ्या कंपन्यांना मिळून एकच असतो, त्यामुळे समोरच्या जोडाबद्दल तो काहीच सांगत नाही.

चांगल्या फेररचनेत हा तक्ता मोडून त्याची माहिती जागच्या जागी येते. नंबराच्या चौकोनाखालीच लिहिलेलं असावं: ‘पायाची लांबी २५.५ ते २६ सेंटिमीटर असेल तर हा घ्या.’ इथे पायाची लांबी द्यायची, फर्म्याची नाही. मोंडोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात नंबर म्हणजे सरळ पायाची मिलिमीटरमधली लांबी, आणि हवी तर सोबत रुंदी. जपानमध्येही बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्येच असतो.

पाय घरी कसा मोजायचा हेही दुकानाने शिकवायचं. त्यासाठी एक कागद पुरतो. ए-फोर आकाराच्या कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असते. तो भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून त्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करायची. बसून मोजू नये, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा धरावा, कारण बहुतेकांचे दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. पंजाच्या सगळ्यांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंनाही खुणा करून घ्याव्यात. फोनच्या कॅमेऱ्याने पाय मोजणारी अनेक ॲप याच कागदाच्या ठरलेल्या लांबीशी पाय ताडून बघतात. नाइकीने २०१९ मध्ये कॅमेऱ्याने पाय मोजायची सोय आणली. अशी सोय परवडत नसेल तरी कागद, पेन्सिल आणि चार स्पष्ट चित्रं कुठलंही दुकान देऊ शकतं.

यानंतर सगळ्यांत मोलाची माहिती आधीच्या गिऱ्हाइकांकडून येते. ‘छान आहे, पाच तारे’ या अभिप्रायाने माप कळत नाही. अभिप्राय घेतानाच तीन प्रश्न विचारावेत: लांबीला कसा आला, रुंदीला कसा आला, तुम्ही एरवी कोणता नंबर घालता? उत्तरं साठली की पानावर एक ओळ देता येते: ‘हा जोड बाजूंनी आवळ येतो, रुंद पंजा असेल तर एक नंबर मोठा घ्या.’ सेल्समन नऊचा खोका आधीच काढून आणायचा, ते काम ही ओळ करते.

फोटोने काय दाखवायचं

तिरप्या कोनातला एक चकचकीत फोटो जाहिरातीला पुरतो, विक्रीला पुरत नाही. हातात जोडा घेतल्यावर आपण तो उलटा करून सोल बघतो, दुमडून बघतो, आत हात घालतो, टाच दाबतो, वजन तोलतो. फोटोंनी याच क्रमाने उत्तरं द्यावीत: बाहेरची बाजू, आतली बाजू, वरून, मागून, सोल, आतलं अस्तर, आणि पायात घातलेला जोड. टाचेची उंची आणि एका बुटाचं वजन आकड्यांत द्यावं. सोल रबराचा आहे की पीयूचा, वरचा भाग चामड्याचा की कृत्रिम, हे लपवू नये. ओल्या फरशीवर घसरतो का, पावसात चालेल का, हे आपल्याकडे जूनमध्ये बूट घेणारा प्रत्येक जण विचारतो.

या कसोटीवर कोल्हापुरी चप्पल पारखण्यासारखी आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. नंतर प्राडाने कोल्हापुरीची प्रेरणा मान्य केली.

ऑनलाइन पानावर मात्र कोल्हापुरीला अजून बुटाचाच साचा लावतात. तीच सहा-सात-आठची रांग, तोच तक्ता. ही चप्पल पुढून उघडी असते, त्यामुळे बोटांपुढे जागा सोडायचा प्रश्न नसतो. तळ पावलाच्या कडेला कितपत येतो आणि पट्टा पायाच्या उंचवट्यावर कसा बसतो, हे इथे बघायचं असतं. झाडांच्या साली आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं, चावतं, तेल लावून घालत गेलं की पायाचा आकार घेतं आणि सैल होतं. म्हणून पहिल्या दिवशी थोडी घट्ट वाटणारी जोडी योग्य असू शकते. हे न सांगता विकली, तर चावते म्हणून ती दुसऱ्याच दिवशी परत येते आणि कारागिराचा जोड विनाकारण बदनाम होतो. हाताने कापलेल्या चामड्याच्या रंगात जोडागणिक फरक असतो, पावसात ही चप्पल वापरू नये, कानाचा प्रकार आणि बिनकानाचा प्रकार पायावर वेगळा बसतो, या गोष्टी पानावर ठळक हव्यात. कोणत्या गावात बनली हेही हवं. अस्सलपणाची खात्री पटावी म्हणून महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, कोल्हापुरीसाठी क्यूआर कोडची सोय आणली आहे. ती खूण फोटोत दिसली तर कारागिराच्या कष्टाला योग्य भाव मागता येतो.

शोधायचं कसं, भरायचं कसं

ऑनलाइन दुकानात शेकडो जोड असतात. त्यातून आपला जोड सापडण्यासाठी सगळ्यांत उपयोगी गाळणी म्हणजे माप. माझा नंबर आणि रुंदी एकदा सांगितली की जे माझ्या मापात शिल्लक नाहीत ते जोड समोर येऊच नयेत. मन लावून एखादा बूट निवडावा आणि शेवटी आपला नंबर करड्या रंगात खोडलेला दिसावा, याइतकं निराश करणारं दुसरं काही नसतं. विभाग पाडताना दुकानाच्या गोदामाचा हिशेब लावू नये, गिऱ्हाइकाच्या गरजेचा लावावा: शाळेचे काळे बूट, दिवसभर उभं राहायच्या कामासाठी, लग्नासाठी, पावसाळ्यासाठी. शोधपेटीला ‘चप्पल’, ‘सँडल’, ‘सपाता’, ‘मोजडी’ हे शब्द देवनागरीतही कळावेत आणि रोमन लिपीत कुणी ‘कोल्हापुरी’चं स्पेलिंग चुकवलं तरी तिने ‘काही सापडलं नाही’ म्हणून हात झटकू नयेत.

जोड निवडल्यावर पैसे भरायची वाट येते. बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांची सरासरी काढली आहे. तिच्यानुसार ऑनलाइन कार्टमध्ये वस्तू टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक खरेदी पूर्ण न करताच निघून जातात. त्यातले अनेक नुसते बघायला आलेले असतात, हे खरं. बाकीच्यांच्या कारणांत पहिला क्रमांक शेवटच्या पायरीवर वाढणाऱ्या खर्चाचा आहे. पाठवणावळ, कॅश ऑन डिलिव्हरीचं शुल्क, सगळं वस्तूच्या पानावरच दाखवलं तर ही कुरबुर संपते. पिनकोड टाकताच माल कधी पोचेल आणि परत न्यायला माणूस येईल का, हेही तिथेच कळावं.

खातं उघडण्याची सक्ती हा दुसरा अडथळा. यूएक्सचे जाणकार जेरेड स्पूल यांनी एका मोठ्या अमेरिकी विक्रेत्याचा अनुभव नोंदवला आहे. तिथे पैसे भरण्याआधी नोंदणी करावी लागे. ‘नोंदणी करा’ हे बटण काढून त्या जागी ‘पुढे चला’ हे बटण आलं आणि खातं उघडण्याची गरज नाही अशी ओळ लिहिली गेली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले आणि वर्षभरात ३० कोटी डॉलरची जास्त विक्री झाली. आपल्याकडे मोबाइल नंबर आणि ओटीपी यांवर काम भागतं. पत्त्याच्या फॉर्ममध्ये ‘जवळची खूण’ हा रकाना हवा, कारण ‘मारुतीच्या देवळासमोर’ हाच आपल्या निम्म्या गावांचा खरा पत्ता असतो.

फसवणूक नको, कुणाला वगळणं नको

विक्री वाढवायचे काही मार्ग झटपट असतात आणि ते टाळायला हवेत. ‘शेवटचे दोनच जोड’ असं खोटं लिहिणं, न विचारता कार्टमध्ये पॉलिशची डबी टाकणं, ‘नको, मला सवलत नको’ असं म्हणायला लावून गिऱ्हाइकाला ओशाळवणं. ब्रिटिश संशोधक हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली. कायदा नसता तरी बुटांच्या दुकानाला हे परवडणारं नव्हतं. घाईघाईत घेतलेला जोड बहुतेक चुकीच्या मापाचा असतो आणि तो परत येतो.

ज्यांचे पाय किंवा डोळे इतरांसारखे नाहीत, त्यांचाही विचार फेररचनेतच करावा लागतो. झॅपॉसने २०१७ मध्ये अपंग गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि २०२० मध्ये एकच बूट किंवा दोन वेगळ्या नंबरांचे दोन बूट विकायचा प्रयोग केला. कृत्रिम पाय वापरणाऱ्याला, पोलिओमुळे एक पाय लहान राहिलेल्याला यामुळे दोन जोड विकत घ्यावे लागले नाहीत. दृष्टिहीन गिऱ्हाइकासाठी फोटोला वर्णन लागतं, रंगाच्या ठिपक्याशेजारी रंगाचं नाव लागतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांत किंमत छापणारी दुकानं तो धुडकावतात. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

वेगाचंही तसंच. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. जड फोटोंनी ओथंबलेलं पान साध्या फोनवर आणि तालुक्याच्या गावच्या नेटवर्कवर उघडता उघडता गिऱ्हाईक कंटाळून जातं.

कामाला कुठून लागायचं

फेररचनेची सुरुवात चित्रं काढण्यापासून करू नये. पहिले काही दिवस परतीची कारणं, एक्स्चेंजच्या नोंदी, शोधपेटीत टाइप झालेले पण न सापडलेले शब्द आणि ग्राहक सेवेच्या फोनवर येणारे प्रश्न वाचण्यात घालवावेत. कोणता बूट ‘लहान आला’ म्हणून परत येतो, हे तिथे लख्ख दिसतं. नंतर खऱ्या गिऱ्हाइकांना बोलवावं, ‘तुमच्या आईसाठी चालायचे बूट घ्या’ असं एखादं काम द्यावं आणि काहीही न सुचवता त्यांच्या बोटांकडे बघत बसावं. वापरण्यातल्या अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के अडचणी पाच जणांना बघून सापडतात, असं यूएक्सचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी दाखवलं आहे. वयस्क, तरुण, मराठीत टाइप करणारे असे गट वेगळे असतील, तर प्रत्येक गटातून काही जण घ्यावेत.

बदल केल्यावर यश कशाने मोजायचं, हे आधीच ठरवावं. नुसती विक्री मोजली तर खोटी घाई करणारं बटणही यशस्वी ठरतं. त्याच्या जोडीला मापामुळे परत आलेल्या जोडांचं प्रमाण, नंबर बदलून मागवणाऱ्यांचं प्रमाण आणि त्याच गिऱ्हाइकाची पुढची खरेदी, हे तीन आकडे धरावेत. दुकान लहान असेल आणि पैसा थोडा असेल, तर प्रत्येक जोडाशेजारी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, रुंदीबद्दल एक प्रामाणिक ओळ, सोलचा फोटो आणि सुरुवातीलाच दिसणारी एकूण किंमत, एवढं आधी करावं. बॅनर नंतर बदलता येतो. आपल्या पायाला काय बसेल हे समजून घेऊन विकणाऱ्या दुकानाकडे माणूस पुन्हा जातो, कारण बसलेला जोड तो रोज घालतो आणि कुठून घेतला हे विचारणाऱ्याला सांगतो.